स्लो मोशन, फास्ट आणि ट्रान्झिशन : एडिटिंगला बसलेल्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

एसटी स्टँडसमोर आमचा स्टुडिओ आहे. लग्नाचा सीझन सरला की तालुक्यातली पोरं लॅपटॉप नाहीतर मोबाइल घेऊन येऊन बसतात. कोणी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, व्हिडिओ टाकतो, कोणी संत्र्याच्या बागेचे, कोणी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग करतो. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. चहा पाजून पाजून थकलो, म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत.

भाऊ, मी व्हिडिओ फास्ट करून पाह्यला, पण एक्स्पोर्ट केल्यावर साधाच येऊन रायला. काहून?

कारण तुम्ही पाहण्याचा वेग वाढवला, क्लिपचा नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीमिअर प्रो, रिझॉल्व्ह आणि बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जे, के, एल या तीन कळा असतात. एल दाबली की पुढे चालतं, पुन्हा दाबली की दुप्पट वेगात, आणखी दाबली की आणखी जोरात. के म्हणजे थांब. जे म्हणजे उलटं. हे फक्त तुमच्या डोळ्यांसाठी, तीन तासांचं लग्न भरभर चाळून कामाचा भाग शोधता यावा म्हणून. टाइमलाइनवरच्या, म्हणजे क्लिपा ओळीने मांडतो त्या पट्टीवरच्या, क्लिपला त्याने काही होत नाही. व्हीएलसीमध्ये चौकटी कंसाच्या कळा दाबून वेग बदलतो किंवा यूट्यूबवर दीडपट करून पाहतो, तसंच हे.

क्लिपचा वेग खरोखर बदलायचा तर क्लिप निवडून प्रीमिअरमध्ये कंट्रोल आणि आर दाबा, टक्क्यांचा डबा उघडतो. रिझॉल्व्हमध्ये त्याच कळांनी क्लिपवर रीटाइमचा पट्टा येतो. केडेनलाइव्हमध्ये कंट्रोल दाबून धरायचं आणि क्लिपची कड ओढायची. शॉटकटमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये स्पीडचा आकडा असतो. मोबाइलवर काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन यांत क्लिपवर बोट ठेवलं की स्पीडचं बटण दिसतं.

५० टक्के टाकलं तर क्लिप लांबच झाली. मले तर छोटी पायजे होती.

टक्के वेगाचे आहेत, लांबीचे नाहीत. वेग अर्धा, लांबी दुप्पट. १० सेकंदांची क्लिप ५० टक्क्यांवर २० सेकंदांची होते, २५ वर ४० ची, २०० वर ५ ची.

स्लो केलं की चित्र थरथरते. लॅपटॉप जुना हाय म्हणून होते काय?

नाही. नवा लॅपटॉप आणला तरी तसंच थरथरेल. चूक शूटिंगच्या दिवशीच झालेली असते आणि आपण ती एडिटिंगच्या टेबलावर शोधत बसतो.

व्हिडिओ म्हणजे एकामागे एक फोटो. कॅमेरा २५ फ्रेमवर असेल तर सेकंदाला २५ फोटो, त्याहून एकही जास्त त्याच्याजवळ नाही. तुम्ही ५० टक्के वेग मागितला की त्याच २५ फोटोंनी दोन सेकंद भरायचे. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक फोटो दोनदा दाखवतं. २० टक्क्यांवर पाचदा. डोळ्याला ते अडखळल्यासारखं दिसतं.

ही माती मी स्वतः खाल्लेली आहे. आर्वीकडचं एक लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि २५ वर घेतलेली ती चार सेकंदं मी हौसेनं २० टक्क्यांवर नेली. मोठ्या टीव्हीवर लावली तर तांदळाचा दाणा हवेत थांबायचा, टुणकन दोन बोटं खाली यायचा, परत थांबायचा. नवरीची मावशी म्हणाली, "कॅसेट अटकली वाटते."

हिशेब सोपा आहे. टाइमलाइनचा फ्रेम रेट भागिले शूटिंगचा फ्रेम रेट, गुणिले १००. टाइमलाइन २५ ची असेल तर ५० वर घेतलेलं शूटिंग ५० टक्क्यांपर्यंत लोण्यासारखं जातं. ६० वर घेतलेलं साधारण ४१.६७ टक्क्यांपर्यंत, १०० वरचं २५ टक्क्यांपर्यंत, १२० वरचं २०.८३ पर्यंत आणि २४० वरचं १०.४ च्या आसपास. त्याच्या खाली गेलात की फोटो परत परत दाखवणं सुरू. आकडे पाठ करायचे नसतील तर प्रीमिअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून इंटरप्रिट फुटेजमध्ये २५ लिहा, रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये. मूळ प्रत्येक फ्रेम एकदाच दिसेल आणि क्लिप बरोबर तेवढी संथ होईल.

मंग मोबाइल २४० वरच ठेवून देऊ काय कायमचा?

नका. २४० फ्रेम काढायच्या म्हणजे प्रत्येक फोटोला उजेड मिळणार सेकंदाच्या २४० व्या भागाहूनही कमी. दुपारी बारा वाजता पटाच्या मैदानावर ठीक आहे, तिथे ऊन उतू जात असतं. संध्याकाळी अंगणात हळद लागताना तेच केलं तर चित्र काळं आणि दाणेदार येईल. शिवाय बऱ्याच मोबाइलमध्ये २४० वर रेझोल्यूशन उतरतं. ज्या दहा सेकंदांना स्लो मोशन शोभते तेवढीच त्यावर घ्या: नवरीचा उंबरठ्यावरचा पाय, हळदीचा हात, अक्षता. मामाचं भाषण नको.

आणखी एक घोळ. काही मोबाइल स्लो मोशनची फाइल आधीच संथ करून ठेवतात. ती टाइमलाइनवर टाकून तुम्ही पुन्हा ५० टक्के केलं तर दुहेरी स्लो. आधी क्लिप आहे तशी चालवून पाहा.

मांडवातल्या लाइटिंगमध्ये स्लो मोशन घेतली तर उजेड लपलप करते.

हा दोष विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दिवा सेकंदात १०० वेळा कमी-जास्त होतो. नुसत्या डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये सारखा उजेड पडतो. १२० फ्रेमवर गेलात की शटर त्याहून वेगात चालणारच, मग एका फ्रेमला जास्त उजेड, दुसरीला कमी. स्लो केल्यावर ते लपलपणं ठळक दिसतं.

कॅमेऱ्याच्या मेनूत पाल आणि एनटीएससी अशी निवड असेल तर पाल करा. मग ६० आणि १२० ऐवजी ५० आणि १०० मिळतात. मांडवात १०० फ्रेमला १/१०० शटर ठेवला की लपलप जवळपास जाते. लाइन जाऊन जनरेटर सुरू झालं की मात्र देवाचं नाव घ्यायचं. डीजे सुरू झाला, लोड वाढला की त्याचे हर्ट्‌झ खालीवर होतात आणि चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात. अशा वेळी मी कॅमेऱ्याला बॅटरीवरचा एलईडी लावतो आणि मांडवातल्या दिव्यांकडे पाठ करतो.

ऑप्टिकल फ्लो लावलं तर सगळं मक्खन होते म्हणतात.

होतं, कधी कधी. त्यात सॉफ्टवेअर दोन फोटो शेजारी ठेवतं, कोणता ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतं आणि मधला फोटो स्वतः तयार करतं. मोकळ्या आभाळासमोर उडणारा बगळा असेल, शेतावरून कॅमेरा संथ फिरवलेला असेल तर कमाल दिसतं. पण हवेत दोनशे दाणे उडत असतील तर कोणता दाणा कोणता हे त्याला कसं कळावं? अक्षता पेजेसारख्या वितळतात. धावत्या बैलांचे पाय एकमेकांच्या आडून जातात तिथे जिलबी होते. चाकाच्या आऱ्यांचंही तेच.

प्रीमिअरमध्ये फ्रेम सॅम्पलिंग, फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो असे तीन पर्याय आहेत, रिझॉल्व्हमध्ये निअरेस्ट, फ्रेम ब्लेंड आणि ऑप्टिकल फ्लो. रिझॉल्व्हचं स्पीड वार्प यापेक्षा हुशार आहे, पण ते पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत. ब्लेंडिंग दोन फोटो एकमेकांवर पुसट करून दाखवतं, विदाईच्या प्रसंगाला कधी बरं वाटतं, नाचाला नाही.

टाइमलाइन २५ ची ठेवू की ३० ची?

ज्यावर जास्त शूटिंग झालं त्याची. ३० चं शूटिंग २५ वर टाकलं तर दर सेकंदाला पाच फ्रेम फेकल्या जातात. २५ चं ३० वर टाकलं तर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते. स्थिर माणूस बोलत असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. कॅमेरा वरातीवरून फिरवला की दचके बसतात. दोन कॅमेरेवाले असाल तर आदल्या दिवशी चहा पिताना एवढं एक ठरवून घ्या. रिझॉल्व्हमध्ये तर क्लिपा आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, म्हणून पहिलं काम तेच.

मोबाइलचा व्हिडिओ लावला तर सुरुवातीले ओठ जुळते, शेवटी आवाज पुढं जाते.

मोबाइल फ्रेम रेट एकसारखा धरत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो ३० चा २७ करतो, मग परत ३०. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. सॉफ्टवेअर मात्र सगळं सारखंच धरून चालतं. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या. अर्धा तास जातो, पण पुढचे चार तास वाचतात.

स्लो केलं तर बाई माणसासारखी बोलते, फास्ट केलं तर उंदरासारखी.

वेग अर्धा केला की आवाज अख्खं एक सप्तक खाली उतरतो, दुप्पट केला की एक सप्तक वर चढतो. जुनी कॅसेट सेल संपल्यावर जशी रडायची, तसंच. प्रीमिअरच्या स्पीडच्या डब्यात मेंटेन ऑडिओ पिच (आवाजाची पट्टी तीच ठेवा) अशी खूण आहे, ती करा. ९० ते ११५ टक्क्यांपर्यंत बोलणं ठीक राहतं. त्यापलीकडे पिच सांभाळली तरी आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

शेतीचे व्हिडिओ करणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. माणूस हळू बोलतो म्हणून अख्खा व्हिडिओ १२५ टक्के करू नका. "म्हणजे", "आता काय हाय ना", मधले श्वास, मागून ओरडणारा कोंबडा, हे कापा. व्हिडिओ तेवढाच आटोपशीर होतो आणि माणूस माणसासारखा बोलतो.

स्लो मोशनचा मूळ आवाज शक्यतो काढूनच टाका. त्याखाली सनई, डफडं नाहीतर नुसती शांतता ठेवा.

शंकरपटाच्या व्हिडिओत जोडी जोरात येते, मधातच स्लो होते, मंग परत जोरात. ते कसं करा लागते?

त्याला स्पीड रॅम्प म्हणतात. यात खरी मजा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी शूटिंग. कॅमेरा १०० किंवा १२० फ्रेमवर, शटर १/२५० च्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि तुम्ही धावपट्टीच्या शेवटी जरा बाजूला, जमिनीलगत. जोडी समोरून अंगावर येत असेल तर वेग दिसत नाही, आडवी गेली तरच दिसतो. दोरीच्या आत जाऊन बसू नका, छकडा वळायला जागा मागतो आणि बैलाला व्हिडिओ समजत नाही.

आता क्लिप टाइमलाइनवर. जोडी धावत येतानाचा भाग १०० टक्क्यांवर. मग बैलांचे पुढचे पाय उचलले जातात तो क्षण एक-एक फ्रेम सरकवून शोधा. तिथे पहिली खूण. प्रीमिअरमध्ये टाइम रीमॅपिंगच्या रेषेवर कीफ्रेम, रिझॉल्व्हमध्ये स्पीड पॉइंट. झेप पूर्ण झाली तिथे दुसरी खूण. मधला भाग २५ टक्क्यांवर ओढा. आता पाहाल तर वेग धाडकन बदलतो, ब्रेक मारल्यासारखा. म्हणून प्रीमिअरमध्ये कीफ्रेम दोन भागांत ओढून उतार द्यायचा, रिझॉल्व्हमध्ये रीटाइम कर्व्ह उघडून कोपरा गोल करायचा. आठ ते दहा फ्रेमचा उतार मला बरा वाटतो. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदाहून जरा मोठी असलेली झेप पडद्यावर अडीच सेकंदांच्या जवळ जाते. तेवढ्यात धुरकऱ्याचा मागे झुकलेला देह, कासऱ्याचा ताण, खुराखालून उडालेलं ढेकूळ, सगळं दिसतं. १८७८ मध्ये अमेरिकेत म्युब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून दाखवलं की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवर नसतात. तोपर्यंत चित्रकार अंदाजाने पाय काढत होते. आपल्या पोरांच्या खिशातला मोबाइल आज तेच काम बैलजोडीसाठी करतो.

प्रीमिअरचं टाइम रीमॅपिंग फक्त चित्राला लागतं, आवाज मूळ वेगातच राहतो. म्हणून आवाज वेगळा काढून हाताने बसवा. मी झेपेच्या वेळी पब्लिकचा गलका एकदम खाली घेतो आणि चाक जमिनीवर टेकलं की परत वर.

आता एक गोष्ट जी मला खटकते. २०१४ च्या बंदीनंतर २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली, पट पुन्हा भरू लागले, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायद्यावर शिक्का मारला. तेव्हापासून मैदानावर बैलांपेक्षा मोबाइल जास्त दिसतात. त्यातले काही जण जोडी वेगवान दिसावी म्हणून क्लिप १३० टक्के करतात. पटात निकाल सेकंदांवर, कधी सेकंदाच्या अंशावर लागतो. बैलाची किंमत त्या वेळेवर ठरते. तुम्ही व्हिडिओ फास्ट केला म्हणजे घड्याळच खोटं केलं. आणि ते लपतही नाही. मागे टाळ्या वाजवणाऱ्या माणसाचे हात पाहा, धूळ खाली बसताना पाहा, लगेच कळतं. आधी खऱ्या वेगात पूर्ण धाव दाखवा, मग तीच स्लोमध्ये. पडद्यावर घड्याळ लावायचं असेल तर फक्त खऱ्या वेगाच्या भागावर.

क्लिप स्लो केली तर तिचा शेवटच गायब होते.

पुढची क्लिप जागा देत नाही म्हणून. स्पीडच्या डब्यात रिपल एडिटची खूण करा, पुढच्या सगळ्या क्लिपा आपसूक सरकतात. पण खाली गाण्यावर आधीच सगळं बसवलं असेल तर तेही हलेल. वेग आधी ठरवा, गाण्यावर नंतर बसवा.

दोन क्लिपच्या मधात ट्रान्झिशन लागतच नाही. लागलं तर चित्र एका जागी थिजते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचंही उत्तर शूटिंगमध्ये आहे.

शिंपी कापड बेतताना शिलाईसाठी माया सोडतो. माया नसेल तर दोन तुकडे जोडायचे कशावर? व्हिडिओचंही तसंच. डिझॉल्व्ह म्हणजे थोडा वेळ दोन्ही क्लिपा एकाच वेळी दिसणार, पहिली विरत जाणार, दुसरी उमटत जाणार. म्हणजे कट जिथे आहे त्याच्यापुढे पहिल्या क्लिपचा काही भाग शिल्लक पाहिजे आणि दुसरीचा कटच्या आधीचा. २५ च्या टाइमलाइनवर एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवला तर दोन्हीकडे बारा-तेरा फ्रेम माया लागते. क्लिप पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पूर्ण वापरली असेल तर माया शून्य. प्रीमिअर तेव्हा सांगतं की फ्रेम पुरत नाहीत, शेवटचीच परत परत दाखवू, आणि ट्रान्झिशनवर तिरप्या रेघा येतात. तेच ते थिजणं.

उपाय म्हणजे दोन्ही क्लिपा कडेने अर्धा-अर्धा सेकंद आत ओढा. तेवढा भाग मायेला जातो. अजूनही पुरत नसेल तर ट्रान्झिशनची लांबी दहा फ्रेम करा.

वेग बदललेल्या क्लिपला मायेचाही हिशेब बदलतो, हे कोणी सांगत नाही. क्लिप ४०० टक्के केली असेल तर अर्ध्या सेकंदाच्या मायेसाठी मूळ शूटिंगचे दोन सेकंद खर्च होतात. स्लो केली असेल तर उलट, थोडक्यात भागतं. उलटी चालवलेली क्लिप असेल तर शेवटची माया मूळ क्लिपच्या सुरुवातीला शोधा.

म्हणून नव्या पोराला कॅमेरा हातात देताना मी एकच सांगतो: रेकॉर्डचं बटण तीन सेकंद आधी दाब आणि तीन सेकंद उशिरा सोड. हार घालून झाला की लगेच बंद करणारे बहाद्दर फार आहेत. हार घातल्यावर नवरा-नवरी एकमेकांकडे पाहून हसतात ते त्यानंतर.

कोणतं ट्रान्झिशन चांगलं?

साधा कट. शंभरातले नव्वद वेळा.

हे ऐकून पोरं नाराज होतात. त्यांनी पाचशे ट्रान्झिशनचा पॅक डाउनलोड केलेला असतो. मी एडियस या सॉफ्टवेअरवर शिकलो तेव्हा आमच्याकडेही फिरणारी पानं, उडणारे बदाम, फुलपाखरं होती, आणि आम्ही एकही सोडलं नाही. एका लग्नात पंगतीच्या दृश्यातून बदामाच्या आकारात आजीचा चेहरा उगवला होता, हातात बुंदीचा घास. तेव्हा सगळ्यांना आवडला, हेही खरं.

आता माझी पद्धत अशी. वेळ तीच, जागा तीच असेल तर कट. वेळ पुढे गेला हे दाखवायचं असेल, म्हणजे सकाळी देवक आणि नंतर दुपारचा मांडव, तर डिझॉल्व्ह. प्रसंग संपला, श्वास घ्यायचा असेल, विदाईची गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाली, तर काळ्यात बुडवा आणि सेकंदभर काळंच राहू द्या. झूम मारून गरकन फिरणारी ट्रान्झिशनं डीजेच्या नाचाला चालतात, तीही दोन-तीन.

सगळ्यात सुंदर ट्रान्झिशन दिसत नाही, ऐकू येतं. नवरीच्या खोलीत तयारी चालू आहे, चित्र तिथेच आहे, आणि बाहेरून वाजंत्रीचा आवाज सुरू होतो. दोन सेकंदांनी चित्र वरातीवर जातं. पुढच्या क्लिपचा आवाज आधी ओढून घ्यायचा, एवढंच. याला जे कट म्हणतात. उलट केलं, म्हणजे आधीचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला, की एल कट.

गाण्याच्या ठोक्यावर कट बसत नाही. दरवेळी जरासा चुकते.

गणित करा. मिनिटाला १०० ठोके असतील तर २५ च्या टाइमलाइनवर प्रत्येक ठोका बरोबर १५ फ्रेमचा. १२० ठोक्यांना साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. मग एक क्लिप बाराची, एक तेराची. सगळ्या बाराच्या केल्यात तर वीस ठोक्यांनंतर दहा फ्रेम पुढे गेलेले असाल. सोपी रीत म्हणजे गाणं चालू ठेवा आणि खंजिरीच्या भजनाला मांडीवर ताल धरतो तसा एम कळेवर ताल धरा. प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह दोन्हीत मार्कर पडतात. कट त्यावर ओढा.

झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग केलं, दोन अंकांच्या मधात कोणतं ट्रान्झिशन टाकू?

कोणतंच नको, रंगमंचावर पडदा पडतो आहे ना! तो पडू द्या, वाजंत्री वाजू द्या. वडशाकडच्या मंडळींची नाटकं रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, प्रेक्षक थंडीत चादर घेऊन बसलेले असतात. पडदा पडल्यावर एकदा त्यांच्याकडे कॅमेरा फिरवून ठेवलात तर मधला कट झाकायला तेवढा शॉट सोन्यासारखा उपयोगी पडतो.

एक मात्र सांभाळा. लांब रेकॉर्डिंगमध्ये काही कॅमेरे ४ जीबी झाली की फाइल तोडून नवी सुरू करतात. त्या जोडावर ट्रान्झिशन टाकू नका, तिथे माया नसते. दोन्ही फाइली नुसत्या एकमेकींना चिकटवा, सांधा कळणार नाही.

ट्रान्झिशन आलं की प्रीव्ह्यू अटकून रायला. एक्स्पोर्टमध्येही अटकन काय?

नाही. डिझॉल्व्हच्या वेळी लॅपटॉपला एकदम दोन व्हिडिओ उलगडावे लागतात, त्यात वेगही बदललेला असेल तर आणखी काम. प्रीमिअरच्या टाइमलाइनवर लाल रेघ दिसली की समजा ते भाग धड चालणार नाहीत. एंटर दाबून रेंडर केलं, म्हणजे तेवढा भाग आधीच तयार करून ठेवला, की हिरवी होते. त्याआधी प्लेबॅक रेझोल्यूशन अर्धं किंवा पाव करून पाहा. फोरके शूटिंग असेल तर सरळ प्रॉक्सी बनवा, म्हणजे कामापुरत्या हलक्या नकला. एक्स्पोर्ट मूळ फाइलींतूनच होतं.

आणि मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला असताना, लॅपटॉप गादीवर ठेवून एक्स्पोर्ट लावू नका. तापला की तो आपणहून मंदावतो. मी दोन विटांवर ठेवून कूलरच्या बाजूला ठेवतो, समोर नाही, ओल जाते. एक्स्पोर्ट रात्री लावतो.

पांढरा फ्लॅश मारणारं ट्रान्झिशन लय भारी दिसते. किती टाकू?

सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट कधीच नको. फिट येणाऱ्या माणसाला त्याने खरोखर झटका येऊ शकतो. गावात एकाच टीव्हीसमोर चाळीस जण बसून लग्न पाहतात.

अक्षता उलट्या उडताना दाखवल्या तर?

मी दाखवल्या होत्या. रिव्हर्सची खूण केली, दाणे नवरा-नवरीच्या डोक्यावरून उठून लोकांच्या मुठीत परत गेले. पाहायला झकास. नवरीच्या मामांनी पेनड्राइव्ह परत पाठवला. म्हणाले, "आशीर्वाद परत घेतल्यासारखं वाटते जी." दुसऱ्या दिवशी सरळ करून दिलं. उलटं करायचं तर फटाक्याचं करा, विहिरीत उडी मारणाऱ्या पोराचं करा.

कपाशीचं बी उगवताना दाखवायचं हाय. सात दिवसांचा व्हिडिओ घेऊन फास्ट करू काय?

सात दिवसांची फाइल ठेवायला कार्ड कुठून आणाल? आणि प्रीमिअरमध्ये वेग १०,००० टक्क्यांच्या वर जातही नाही. यासाठी टाइमलॅप्स. दर दहा मिनिटांना एक फोटो, म्हणजे दिवसाला १४४, सात दिवसांत १,००८. २५ च्या टाइमलाइनवर चाळीस सेकंद झाले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी हेच केलं होतं: कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखवली. 'अंकुराची वाढ' असं त्याचं नाव. भांडवल घालणाऱ्याला हे पटलं आणि पुढचं सगळं घडलं.

तुमच्यासाठी तपशील: कुंडी खोलीच्या आत, खिडकी बंद, कारण उन्हाचा कवडसा फिरला की चित्र लुकलुकतं. एकच एलईडी दिवा दिवसरात्र चालू. मोबाइल चार्जरला लावलेला आणि स्टँड टेबलाला दोरीने बांधलेला. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक. रात्री लाइन गेली तर तेवढे फोटो काळे येतील. ते शोधून काढून टाका, मधली तीन-चार फ्रेमची उडी दिसत नाही. दोन तास गेली असेल तर बारा फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाची उडी पडते. तिथे सहा फ्रेमचा डिझॉल्व्ह टाका. मायेसाठी दोन्ही तुकडे तीन-तीन फ्रेम आत ओढा, नाहीतर काळे फोटोच मायेत येतील.